गोळी लिहून दिलीत, आकडा लिहायचा राहिला

थायरॉइड काढणारे सर्जन, त्यानंतर आम्हाला तपासणारे एंडोक्रिनोलॉजिस्ट म्हणजे हार्मोनचे डॉक्टर व कॅन्सरतज्ज्ञ, आणि वर्षानुवर्षं आमचं सर्दी-पडसं सांभाळणारे फॅमिली डॉक्टर यांस,

सप्रेम नमस्कार.

माझ्या डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचं वर्णन पाऊण पान आहे. आवाजाची नस कशी जपली, चारपैकी किती पॅराथायरॉइड ग्रंथी जागेवर दिसल्या, गाठ केवढी होती, सगळं सुवाच्य अक्षरात. त्याखाली औषधं. त्यातली शेवटची ओळ, काढलेल्या ग्रंथीचं हार्मोन बाहेरून देणाऱ्या गोळीची, अशी : थायरॉक्सिन १०० मायक्रोग्रॅम, सकाळी उपाशीपोटी, आयुष्यभर. तीन तासांच्या कामाला पाऊण पान आणि आयुष्यभराच्या कामाला एक ओळ.

शस्त्रक्रियेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आवाज शाबूत आहे आणि गळ्यावरचा व्रण आता मलाच आरशात शोधावा लागतो. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे.

गाठ पॅपिलरी कॅन्सरची निघाली, म्हणून संपूर्ण ग्रंथी काढली. मधले काही महिने कसे गेले ते पुढे सांगते. वर्षभराने माझा डोस १२५ वर स्थिरावला, टीएसएच, म्हणजे गोळी पुरते की नाही हे सांगणारा रक्तातला आकडा (गोळी जास्त झाली की तो खाली जातो), ०.२ आला आणि कॅन्सरच्या डॉक्टरांनी मान डोलावली. मग एकदा आठवडाभर ताप हटेना, म्हणून मी घराजवळच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी इतर तपासण्यांबरोबर थायरॉइडचीही करून घेतली. रिपोर्टवर ०.२ ठळक अक्षरांत, शेजारी खाली जाणारा बाण आणि पुढे छापलेली मर्यादा ०.४ ते ४. ते म्हणाले, "गोळी फार जास्त होतेय तुम्हाला. हृदयाला त्रास होईल." आणि १२५ ची ७५ केली. मला तेव्हा काय कळत होतं? उलट वाटलं, बरं झालं कुणाच्या तरी लक्षात आलं.

तीन महिन्यांनी ठरलेल्या तपासणीला गेले तेव्हा टीएसएच ९.४ होता. पायऱ्या चढताना पाय शिशाचे झाले होते, केस कंगव्यात येत होते, आणि बोलता बोलता साधे शब्द आठवेनासे झाले होते. कॅन्सरचे डॉक्टर माझ्यावर उखडले. "कुणी सांगितलं होतं गोळी कमी करायला?" सांगितलं एका डॉक्टरनेच होतं. त्यांच्या समोरच्या कागदानुसार त्यांचं बरोबरच होतं. माझा टीएसएच मुद्दाम खाली ठेवलाय, किती खाली आणि का, हे त्यांना दाखवायला माझ्याकडे कागदाचा एक कपटाही नव्हता. होती फक्त ती ओळ.

म्हणून या पत्रातली मागणी एकच आहे. गोळी लिहून देता तेव्हा तिच्यासोबत आमचा टीएसएच कितीच्या दरम्यान हवा तो आकडा लिहा, तो का हवा ते चार शब्दांत लिहा, आणि कधीपर्यंत हवा तेही. खाली, डोस बदलायचा अधिकार कुणाचा, तेही. एवढं मिळालं असतं तर माझे ते तीन महिने वाचले असते.

हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे, तरी उजळणी करते, कारण पत्र खुलं आहे आणि माझ्यासारखेही ते वाचतील. ज्यांची ग्रंथी साध्या गलगंडासाठी किंवा ग्रेव्हज आजारासाठी (यात थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करते) काढली, त्यांचा टीएसएच निरोगी माणसासारखा, नेहमीच्या मर्यादेत असावा लागतो. कॅन्सरसाठी काढली असेल तर गणित वेगळं. टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडला मारलेली हाक. उरल्यासुरल्या कॅन्सरपेशी असल्या तर त्याही ती हाक ऐकतात आणि वाढू पाहतात, म्हणून हाकच दाबायची. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत सुरुवातीसाठी ढोबळ आकडे असे दिले होते : कॅन्सर परतायचा धोका जास्त असेल तर ०.१ च्या खाली, मध्यम असेल तर ०.१ ते ०.५, कमी असेल तर ०.५ ते २. म्हणजे एकाच प्रयोगशाळेतून एकाच दिवशी निघालेला ०.२ हा आकडा एका बाईसाठी नेमका असतो आणि तिच्या शेजारी बसलेल्या बाईसाठी जास्त औषध झाल्याची खूण. छापील मर्यादा दोघींच्या रिपोर्टवर एकच. यात कागद वाचणाऱ्याने काय करावं?

उलट बाजूही तितकीच खरी. दाबलेला टीएसएच फुकट मिळत नाही. वर्षानुवर्षं तो फार खाली राहिला की हृदयाची लय बिघडू शकते, एट्रियल फिब्रिलेशन होऊ शकतं, आणि पाळी गेलेल्या बायकांची हाडं विरळ होतात. म्हणून काही वर्षं सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या की आकडा सैल करायचा असतो. तो सैल करायची आठवण कुणी कुणाला द्यायची? शस्त्रक्रियेच्या वेळी ठरलेला डोस कुणी हात न लावता दहा वर्षं चालू राहतो, कारण 'आयुष्यभर' असं लिहिलंय. त्या शब्दाचा अर्थ गोळी आयुष्यभर असा आहे, हाच डोस आयुष्यभर असा नाही, हे लिहिणाऱ्याला माहीत असतं. वाचणाऱ्याला नसतं.

आता त्या मधल्या महिन्यांबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण जे घडलं त्याचं मूळ त्याच कार्डावर, त्या ओळीच्या बरोबर वर होतं.

थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी शस्त्रक्रियेत दुखावतात, काही काळ रुसून बसतात आणि रक्तातलं कॅल्शियम घसरतं. माझंही घसरलं. ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं आखडली. म्हणून कार्डावर कॅल्शियम होतं, सकाळ-दुपार-संध्याकाळ. पोटाला त्रास नको म्हणून ॲसिडिटीची कॅप्सूल होती, सकाळी उपाशीपोटी. आणि थायरॉक्सिन, तेही सकाळी उपाशीपोटी. तीन औषधं आणि सकाळ एकच. मी शहाण्या मुलीसारखी तिन्ही एका घोटात घेत होते.

कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतं आणि रक्तात जाऊ देत नाही. दोघांत चार तासांचं अंतर लागतं. लोहाच्या गोळ्यांचंही तेच. ॲसिडिटीच्या कॅप्सूलचं दुखणं वेगळं. थायरॉक्सिनची गोळी नीट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं आणि ही कॅप्सूल नेमकं तेच कमी करते. म्हणजे एकाच हाताने, एकाच पेनाने लिहिलेली तीन औषधं, त्यातली दोन तिसऱ्याचा पाय ओढत होती. औषधं देणाऱ्या काउंटरवरही कुणी थांबवलं नाही. अंतराबद्दल मला कळलं ते पाच महिन्यांनी, रांगेत शेजारी बसलेल्या एका बाईंकडून.

वजनाच्या किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम हा संपूर्ण ग्रंथी काढलेल्या माणसाचा सुरुवातीचा हिशेब. वयस्कर किंवा हृदयरोगी माणसाला त्याहून कमीने सुरू करतात. माझं वजन ६२ किलो, म्हणून १००. हिशेब चोख होता. पण सहा आठवड्यांनी टीएसएच वर, म्हणून १२५. पुन्हा वर, म्हणून १५०. डोस वाढवणाऱ्या कुणीही विचारलं नाही की गोळी कशाबरोबर घेता. मग पॅराथायरॉइड सावरल्या आणि कॅल्शियम बंद झालं. सगळ्यांनी अभिनंदन केलं, माझं आणि एकमेकांचं. महिन्याभरात माझी छाती रात्री धडधडायला लागली, हात थरथरायला लागले, घरातल्या प्रत्येकावर मी खेकसायला लागले. कारण आता १५० ची गोळी खरोखर १५० लागू पडत होती. टीएसएच ०.०१. कॅल्शियम थांबवलं त्या दिवशी सहा आठवड्यांनी थायरॉइडची तपासणी, अशी एक चिठ्ठी पुरली असती. ज्यांनी कॅल्शियम थांबवलं त्यांच्या खात्यात थायरॉइड नव्हतं, इतकंच.

सहा आठवड्यांबद्दलही बोलायला हवं. थायरॉक्सिनचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे डोस बदलला की रक्तातली पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात आणि पिट्युटरीलाही ते तेव्हाच पटतं. दोन आठवड्यांत घाई करून काढलेला टीएसएच जुन्या डोसची गोष्ट सांगत असतो. त्या आकड्यावर पुन्हा डोस बदलला की पाठशिवणीचा खेळ सुरू. माझ्या ओळखीच्या एका बाईंचा डोस चार महिन्यांत पाच वेळा बदलला. त्या शेवटी म्हणाल्या, "मला वाटतं मी एकाच वेळी गेल्या महिन्यातली आणि पुढच्या महिन्यातली गोळी खातेय." याच सात दिवसांचा दिलासाही आहे, आणि तोही कुणी देत नाही. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर आभाळ कोसळत नाही, आठवल्यावर घ्यायची. पहिल्या वर्षी मी एक गोळी विसरले म्हणून रात्रभर जागी होते.

सर्जन मंडळींना इथे त्यांच्याच पूर्वजाची आठवण करून देते. बर्नचे थिओडोर कोखर हे थायरॉइडच्या शस्त्रक्रियेतलं सगळ्यात मोठं नाव. एकोणिसाव्या शतकात ज्या शस्त्रक्रियेत रुग्ण टेबलावरच दगावत, ती त्यांनी सुरक्षित केली. १८७४ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली. जखम सुरेख भरली. पुढे तिच्या गावच्या डॉक्टरांकडून निरोप आला की मुलगी पार बदलली आहे, मंद झाली आहे. कोखर तिथे थांबू शकले असते. शस्त्रक्रिया तर यशस्वीच होती. पण त्यांनी आपले जुने रुग्ण परत बोलावले, एकेकाला पाहिलं, आणि संपूर्ण ग्रंथी काढलेल्या बहुतेकांची तीच दशा झालेली दिसली : सुजलेले चेहरे, जड जीभ, थकवा, विझलेली बुद्धी. हे त्यांनी १८८३ मध्ये जर्मन सर्जनांच्या सभेत उभं राहून सांगितलं, स्वतःच्या यशस्वी शस्त्रक्रियांबद्दल. साध्या गलगंडासाठी पुन्हा संपूर्ण ग्रंथी काढायची नाही, असंही ठरवलं. त्यांना १९०९ चं नोबेल मिळालं. मला मात्र नोबेलपेक्षा ते परत बोलावणं मोठं वाटतं.

त्यांच्याकडे द्यायला गोळी नव्हती. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका बाईंना टोचायला सुरुवात केली. त्या बाई त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगल्या. तेव्हा डोस ठरवायला टीएसएच नव्हता. डॉक्टर बाईंकडे बघत, त्यांच्याशी बोलत आणि मात्रा कमी-जास्त करत. आता रक्ताची तपासणी आहे, मोजून-मापून केलेली गोळी आहे, आणि बघणं-बोलणं कमी झालंय.

हे कडवट वाटेल, पण त्यामागे कारण आहे. टीएसएच मर्यादेत आला की आमचं म्हणणं संपलं असं धरलं जातं. "रिपोर्ट नॉर्मल आहे, थकवा मनाचा आहे." असेलही. लोह कमी असेल, बी-१२ कमी असेल, झोप धड नसेल, कॅन्सरच्या भीतीने मन खचलेलं असेल. मग ते शोधा ना. आणि एक शक्यता तुमच्याच शास्त्रातली आहे. गोळीत फक्त टी-४, म्हणजेच थायरॉक्सिन, असतं. पेशींना खरं काम देणारं टी-३, जे १९५२ मध्ये सापडलं, ते शरीर टी-४ पासून स्वतः बनवतं. हे १९७० मध्ये दाखवून दिलं ते ज्यांना थायरॉइडच उरली नव्हती अशा माणसांच्या अभ्यासातून. गोळीतून सगळं भागेल हा विश्वास तिथून आला. तो बऱ्याच अंशी खरा आहे, बहुतेकांचं भागतंही. पण निरोगी थायरॉइड रोजच्या टी-३ पैकी साधारण पाचवा हिस्सा स्वतः देत असते, तो आमच्या बाबतीत शून्य झालेला असतो. काहींना ते जाणवत असेल का? टी-४ आणि टी-३ एकत्र देऊन झालेल्या चाचण्यांत सरसकट फायदा दिसलेला नाही, हे मला ठाऊक आहे. मी ती गोळी मागायला आलेली नाही. ज्याचं भागत नाही त्याच्याशी या विषयावर एकदा नीट बोलायला पाच मिनिटं मागते आहे. 'मनाचा थकवा' म्हणायलाही तेवढाच वेळ लागतो.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. बायोटिन. केसांसाठी म्हणून सर्रास घेतलं जाणारं हे जीवनसत्त्व काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटं जास्त दाखवतं. म्हणजे थायरॉक्सिन कमी पडल्याने केस गळतात, म्हणून बाई बायोटिन घेते, आणि रिपोर्ट सांगतो औषध जास्त झालंय. रक्त घेण्याआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवायचं असतं. हा प्रश्न रक्त घेणाऱ्या खोलीत विचारला जावा. तिथेच दुसरा प्रश्न : आजची गोळी घेतली का? घेतली असेल तर पुढचे काही तास टी-४ फुगलेलं दिसतं.

मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम. ०.१ मिलिग्रॅम म्हणजेच १०० मायक्रोग्रॅम. एका कागदावर हे आणि दुसऱ्यावर ते लिहिलंत की घरातल्या वयस्कर माणसाचा गोंधळ होणारच. एकच काहीतरी लिहा, आणि मायक्रोग्रॅम पूर्ण अक्षरांत लिहा.

गोळीची कंपनी बदलली तर सांगा आणि सहा आठवड्यांनी तपासा. या औषधात थोडा फरकही पुष्कळ होतो. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गोळीतल्या औषधाचं प्रमाण तिच्या मुदतीअखेरपर्यंत ९५ ते १०५ टक्क्यांत राहिलंच पाहिजे असा नियम केला, तो उगाच नाही. २०१७ मध्ये फ्रान्समध्ये तर एका प्रचलित गोळीतलं मूळ औषध तेच ठेवून फक्त जोडीचे पदार्थ बदलले, तरी हजारो रुग्णांनी त्रासाच्या तक्रारी नोंदवल्या. त्यातलं किती शरीराचं आणि किती धास्तीचं, यावर वाद झाले. आधी न सांगता बदललं तर धास्ती वाढणारच की.

आणि मूल हवं असलेल्या आमच्यातल्या तरुण मुली. गर्भ राहिला की पहिल्या काही आठवड्यांतच थायरॉक्सिनची गरज पाव ते निम्म्याने वाढते आणि ग्रंथी नसलेल्या बाईचं शरीर ती वाढ स्वतः भागवू शकत नाही. पहिली तपासणी होईपर्यंत थांबलं तर उशीर होतो. बाळाच्या मेंदूची घडण त्याच सुमारास सुरू असते आणि तेव्हा त्याला आईच्याच हार्मोनवर भागवावं लागतं. कळताच काय करायचं, आठवड्याला किती गोळ्या वाढवायच्या, हे आधीच लिहून दिलेलं हवं. हे प्रसूतितज्ज्ञांचं काम की एंडोक्रिनोलॉजिस्टचं, याचा निकाल तुम्ही आपसांत लावा, पण मुलीला पाळी चुकण्याआधी कळवा.

तुमच्या अडचणी मला दिसतात. बाहेर साठ माणसं बसलेली असतात. सर्जनना वाटतं औषधाचं फिजिशियन बघतील, फिजिशियनना वाटतं कॅन्सरवाले बघतात, कॅन्सरवाले वर्षातून एकदा भेटतात. प्रत्येकजण आपापलं काम चोख करतो आणि मधली जागा रुग्णाच्या वाट्याला येते. शिकलेला, प्रश्न विचारणारा रुग्ण असेल तर कसाबसा तरून जातो. ज्याला टीएसएच ही अक्षरंही वाचता येत नाहीत त्याचं काय होतं, याचा विचार मी रात्री करते.

कार्डावर किती जागा लागेल हे मी स्वतः लिहून पाहिलं. माझ्यापुरता मजकूर असा झाला : 'कारण : पॅपिलरी कॅन्सर, संपूर्ण ग्रंथी काढली. टीएसएच ०.१ ते ०.५ मुद्दाम ठेवला आहे, छापील मर्यादेपेक्षा कमी दिसेल. दोन वर्षांनी फेरविचार. कॅल्शियम, लोह चार तासांनंतर. कुठलंही नवं औषध सुरू किंवा बंद केल्यास सहा आठवड्यांनी तपासणी. डोस बदलण्याआधी यांच्याशी बोला :' आणि पुढे रिकामी जागा. सहा ओळी झाल्या. हा आकडा माझा आहे, वाचणाऱ्यांपैकी कुणी तो उचलू नये, आपापल्या डॉक्टरांकडून आपापला घ्यावा.

हा कागद घडी घालून मी पाकिटात ठेवते. मागच्या महिन्यात दात काढायला गेले तेव्हा दंतवैद्यांनाही दाखवला. त्यांनी तो वाचला आणि विचारलं, "हा छान आहे, कुणी दिला?" शेवटच्या ओळीपुढची जागा अजून रिकामी आहे. येत्या तपासणीला मी पेन घेऊन येणार आहे.

आपली,
थायरॉइड नसलेली एक रुग्ण